आत दोन, बाहेर एक

माणसानं सायकल घ्यावी, पण घेतल्याचं ऑफिसात सांगू नये. मी सांगितलं. (मी लासो गावच्या गुलाबमळ्यात कारकून आहे. खोक्यांवर पत्ते चिकटवतो. गुलाब जगभर जातात, मी तिथंच असतो.) "मृतांच्या सणाला कोतोपाक्सी ज्वालामुखीच्या पार्कातून सायकलनं पलीकडे मेव्हण्याकडे जाणार आहे," असं मी कॉफी पिता पिता बोलून गेलो. ऑफिसनं टाळ्या वाजवल्या आणि माझी परतीची वाट बंद झाली.

मेव्हणा म्हणजे सेगुंदो. तो आणि माझी बायको एदेल्मिरा ही सख्खी भावंडं दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. कारण होतं आईची पितळेची कढई. सणाची जांभळी खीर आमच्या घरात त्या कढईशिवाय जमतच नाही, आणि आई गेल्यावर ती कढई सेगुंदोनं उचलून नेली. तेव्हापासून सगळे निरोप माझ्यामार्फत. "तुझ्या मेव्हण्याला सांग, तो चोर आहे." "दाजी, तुमच्या बायकोला सांगा, ती आग्यावेताळ आहे." मी दोन्हीकडे इमानदारीनं पोचवायचो आणि दोन्हीकडे शिव्या खायचो.

यंदा एदेल्मिरा विरघळली. आमच्याकडे या सणाला तान्ह्या बाळाच्या आकाराचा पाव भाजतात. बाळाला आम्ही वावा म्हणतो आणि त्या पावालाही वावाच म्हणतो. यात आजवर कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. या वावाचा बाप्तिस्मा करायचा. त्याच्यावर जो पाणी घालेल तो धर्मपिता. आणि धर्मपित्याशी भांडणं म्हणजे पाप.

एदेल्मिरानं तीन वावा भाजले. सगळ्यांत मोठ्याला मनुकांचे डोळे लावले, साखरेचा गुलाबी झगा घातला.

"हा सेगुंदोपर्यंत धड पोचव. पाणी घालतो म्हणाला तरच मला फोन कर. मी त्याच्या गावी, मचाचीच्या चौकात बसून राहते. तोवर त्याच्या उंबऱ्याला माझा पाय लागायचा नाही. आणि बसनं जा."

"बसमध्ये सणाची गर्दी. वावा चेपेल."

"आणि सायकलवर?"

"पाठीला बांधतो. पार्क काय, हे इथंच तर आहे."

(आम्ही डोंगरातली माणसं अर्ध्या दिवसाच्या वाटेपर्यंत सगळ्याला 'इथंच' म्हणतो.)

तिनं वावा शालीत गुंडाळून माझ्या पाठीला बांधला. वाऱ्यानं साखर तडकू नये म्हणून वर लोकरीची टोपी घातली. दुपारसाठी भाजलेला मका, उकडलेल्या शेंगा आणि चीज दिलं. ही दुपार माझ्यापुरती सकाळी नऊलाच झाली. पार्कच्या दक्षिण फाटकाशी पोचलो तेव्हा पिशवीत फक्त मीठ उरलं होतं.

फाटकावर मोटारींची रांग होती. पहारेकरी मान वर न करता लिहीत होता.

"किती जण?"

"एकटाच."

"पाठीवर?"

"वावा."

त्यानं एकदा टोपीकडे पाहिलं. "टोपी नीट ओढ त्याची. वर वारा आहे."

किती भला माणूस, असं म्हणत मी निघालो.

वर रस्ता कपडे धुवायच्या फळीसारखा आहे. सायकल पुढे कमी आणि वरखाली जास्त जाते. हवा इतकी विरळ की एक श्वास घेतला की दुसऱ्यासाठी थांबावं लागतं. पण वळण संपलं आणि ढग बाजूला झाले. डोक्यापासून खांद्यापर्यंत पांढरा कोतोपाक्सी समोर उभा! मी आनंदानं ओरडलोच. रानघोडे चरता चरता थांबून बघायला लागले. खरं सांगतो, सेहेचाळीस वर्षांत इतका सुखी मी झालो नव्हतो. त्या सुखात पुढची वाळू दिसली नाही आणि मी आडवा झालो.

मला काही झालं नाही. वावाचा उजवा पाय मोडला.

आता मोडका पाय मेव्हण्याला कसा दाखवायचा? खाऊन टाकला. मग एकाच पायाचा वावा फार केविलवाणा दिसायला लागला, म्हणून दुसराही खाल्ला. मग हात उगीच लांब वाटायला लागले. (इतक्या उंचीवर माणसाचं डोकं नीट चालत नाही. पोट चालतं.) तळ्याकाठी शुद्धीवर आलो तेव्हा हातात फक्त डोकं होतं आणि दोन मनुका माझ्याकडे रोखून बघत होत्या. दोन वर्षांनी जुळू पाहणारं बहीणभावाचं नातं मी गिळून बसलो होतो.

डोकं शालीत बांधून उत्तर फाटकावर उतरलो. तिथं यादिरा नावाची पोरगी पहाऱ्यावर होती. समुद्रकाठची, गेल्याच आठवड्यात बदलून आलेली, अंगात तीन स्वेटर. तिच्या गावी असले पाव भाजत नाहीत, हे मला मागाहून कळलं.

"दक्षिण फाटकानं वायरलेसवर कळवलंय. एक पुरुष, एक वावा, एक सायकल," ती वही बघत म्हणाली. "वावा कुठंय?"

मी कारकून. वहीपुढे खोटं बोलवत नाही. मान खाली घातली.

"किती वयाचा होता?"

"कालच झाला."

"काल? आणि आई?"

"तिला काय धाड भरलीय! काल तीन काढले तिनं."

"तीन! मग बाकीचे दोन?"

"शेजाऱ्यांना वाटले."

यादिरा पांढरी पडली. "आणि हा?"

"बाई, भूक लागली हो," मी शालीचं गाठोडं पुढे केलं. "पण डोकं ठेवलंय."

ती खुर्चीसकट मागे सरकली. तिनं माझ्याकडून एदेल्मिराचा नंबर घेतला आणि फोन स्पीकरवर लावला.

"ताई, मन घट्ट करा. तुमच्या नवऱ्यानं वावा खाल्ला."

पलीकडून एदेल्मिराचा आवाज आला.

"सगळा?"

"ड-डोकं आहे."

"मला वाटलंच होतं! दुपारचं बांधून दिलं होतं तरी! थांब मेल्या, तिथंच थांब!"

यादिरा माझ्याकडे नाही, आता फोनकडे घाबरून बघायला लागली. शेवटी मीच शाल सोडली. मनुकांचे डोळे, साखरेचं हसू. ते बघून ती जी हसत सुटली ती टेबलाखालीच गेली.

दीड तासानं सेगुंदोची जीप आली. पुढच्या सीटवर सेगुंदो, आणि त्याच्या शेजारी, मला डोळ्यांवर विश्वास बसेना, एदेल्मिरा! मला बदडायला लवकर पोचायचं म्हणून तिनं दोन वर्षांत पहिल्यांदा भावाला फोन केला होता. दोघं वाटभर मला शिव्या देत, हसत आली होती. मागे पितळेच्या कढईत जांभळी खीर वाफाळत होती. माझं निरोप्याचं काम सुटलं आणि मला रडू आलं.

"पण बाप्तिस्मा कशाचा करणार?" मी नाक पुसत विचारलं.

"दाजी," सेगुंदो म्हणाला, "पाणी डोक्यावरच तर घालायचं असतं!"

त्यानं घातलं. यादिरा साक्षीदार. भावाबहिणीनं गळ्यात गळे घातले. मग वावाचं डोकं खिरीत बुडवून तिघांनी वाटून खाल्लं. मी हात पुढे केला तर एदेल्मिरा म्हणाली, "तुझा वाटा झालाय." मी कुडकुडत होतो म्हणून वावाची टोपी मात्र तिनं माझ्या डोक्यावर ओढली.

"पण वहीचं काय?" यादिरानं पेन उचललं. "आत दोन, बाहेर एक. यातलं एक खोडावं लागेल."

"वावा खोडा," मी कारकुनी अधिकारानं म्हणालो.

एदेल्मिरानं सेगुंदोकडे पाहिलं, सेगुंदोनं तिच्याकडे. दोन वर्षांनी दोघांचं एकमत झालं.

"पुरुष खोडा!"

नोंद अजून तशीच आहे. खाली बहीणभावाच्या सह्या शेजारीशेजारी, आणि वर यादिराच्या गोल अक्षरात: 'बाहेर: एक वावा (टोपीसह), एक सायकल.'