अण्णांचं नाव शेवटून पहिलं

आमच्या दूध संस्थेत कॉम्प्युटरमधलं कळणारा एकच माणूस आहे, अन् तो म्हणजे मी, मुकुल! हे दुसरं कुणी म्हणत नाही, म्हणून मलाच म्हणावं लागतं. तीन वर्षं झाली, कच्चा कारकून आहे. यंदाच्या सभेत मला कायम करायचा ठराव यायचा होता. चेअरमन योगीराजअण्णांची मर्जी तेवढी राखायची होती.

दरसाल मी अजेंड्याची वही घेऊन नऊ संचालकांच्या घरी जातो, चहा पितो, सह्या घेतो. यंदा म्हटलं, बोलावणं ईमेलवरनं! एक सॉफ्टवेअर सापडलं. नावं-पत्ते भरायचे, एका फटक्यात सगळ्यांना मेल! पण त्याच्या अटी बघा. आठ जीबी मेमरी पायजे, नवी विंडोज पायजे, अन् भाषा फक्त इंग्रजी! मुलाकडचे तरी एवढ्या अटी घालत नाहीत हो. आमचा कॉम्प्युटर चार जीबीचा. तापला की झाकण काढून पंख्याखाली ठेवावा लागतो.

तालुक्याच्या लोहाऱ्याहून मेमरी आणली, विंडोज टाकली, नावं इंग्रजीत भरली.

बायको म्हणाली, "अहो, वही घेऊन जावा की सरळ."

"वैष्णवी, जग कुठं चाललंय!" म्हणालो अन् बटन दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अण्णांचा फोन.

"मुकुल, मला चेअरमनपदावरनं काढलं व्हय रे?"

"न्हाय अण्णा! कोण म्हणतंय?"

"तुझा मेल म्हणतोय! नातीनं वाचून दाखवला. नऊ नावांत माझं नाव नववं!"

आमच्याकडं यादी मानानं लागते. आधी अण्णा, मग कल्याणप्पा, मग बाकीचे. सॉफ्टवेअरनं लावली एबीसीडीनं! गेल्या वर्षी निवडून आलेला बलभीम पहिला, अन् योगीराजअण्णा तळाला!

"अण्णा, त्याला मानपान कळत न्हाय, इंग्रजीच कळतं."

"मग त्याला इंग्रजीत सांग, म्या कोण हाय ते!"

तिकडं बलभीमनं गावात पेढे वाटले. कल्याणप्पा संस्थेत येऊन टेबलावर काठी आपटून गेले. "कालचं पोरगं माझ्या वर? सभेला येत न्हाय जा!" म्हणाले. संचालक आले नाहीत तर सभा कसली, अन् सभा नाही तर मी कायम कसला!

पण डोकं कुणाचं? माझं! सॉफ्टवेअर बाजूला ठेवून नऊच्या नऊ जणांना वेगवेगळा मेल धाडला. अण्णांच्या मेलात अण्णा पहिले. कल्याणप्पांच्या मेलात कल्याणप्पा पहिले. बलभीमच्या मेलात बलभीम पहिला. वर 'चुकीबद्दल क्षमस्व' लिहिलं. सगळे खूश! अण्णांनी तर पाठ थोपटली. मी घरी जाऊन वैष्णवीला म्हणालो, "शिरा कर!"

रविवारी सभा. पहिल्या खुर्चीकडं नऊ माणसं एकदम निघाली!

"मेलात पहिलं नाव माझं हाय!" कल्याणप्पा म्हणाले.

"काय बोलता राव? माझं हाय!" बलभीमनं मोबाइल काढला.

अण्णांनीही काढला. मग सगळ्यांनीच काढले. नऊ मोबाइल टेबलावर ओळीनं मांडले गेले, अन् नऊ माणसं माझ्याकडं बघायला लागली. मी पंख्याकडं बघत बसलो. तो बंद होता.

अण्णा शांतपणे खुर्चीत बसले. "ठराव चौथा आधी घेऊ. मुकुलला कायम करणं. कुणाची हरकत?"

एकही हात वर गेला नाही.

"मग मंजूर! म्या लिहून देतो. मुकुल कायम. काम काय? अजेंड्याची वही घेऊन घरोघर फिरणं. दरसाल न्हाय, आता दरमहा! अन् कॉम्प्युटरला हात लावायचा न्हाय."

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात कल्याणप्पांच्या!

तर आता मी कायम आहे. वहीला मेमरी लागत नाही, विंडोज लागत नाही, भाषाही आपलीच चालते. अडचण एकच. अण्णांचं घर गावाच्या पार पलीकडच्या टोकाला आहे. वाटेत आठही संचालकांची घरं लागतात अन् ते ओट्यावरच बसलेले असतात. "काय मुकुल, सही?" म्हणून हाक मारतात. मी काय करतो? ऐकू न आल्यासारखं करून, हेल्मेट घालून, गाडी सुसाट पळवतो. आधी अण्णा, मग मागं फिरून बाकीचे!