हेमलताबाईंच्या आवाजाचं पालकत्व

हेमलता निकाडे यांनी मृत्युपत्रात आपला आवाज मुलीच्या नावे केला होता, पण मुलगी वृंदा नऊ वर्षांची, म्हणजे कायद्याने अज्ञान असल्यामुळे तो तिच्या ताब्यात देता येत नव्हता. वडील आधीच गेले होते. तेव्हा कोर्टाने पालक नेमायचं ठरवलं. मी त्या कोर्टात लघुलेखक होतो. अशा प्रकरणांत लोक भरपूर रडतात आणि कागद मात्र अपुरे आणतात, असा माझा अनुभव आहे.

दोन अर्ज आले. पहिला वृंदाच्या आत्याचा. त्या भजनी मंडळात होत्या आणि अलीकडे त्यांचा स्वतःचा आवाज बसला होता. अज्ञानाची मिळकत पालकाला स्वतःच्या कामी वापरता येत नाही, हे कळल्यावर त्यांनी अर्ज मागे घेतला. जाताना त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू कायदा मीच केला होता. दुसरा अर्ज मामांचा. मोरेश्वरमामांचं स्टँडसमोर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मिशा भरघोस, बोलणं राकट.

कोर्टाने त्यांनाच पालक नेमलं. एका गळ्यात दोन आवाज राहत नाहीत, म्हणून मामांनी आपला आवाज मुद्देमाल खोलीत जमा केला. मी पावती दिली. वर्णनात 'सुस्थितीत, किंचित घोगरा' असं लिहिलं.

पडून राहिला तर आवाज खराब होतो, म्हणून हेमलताबाईंचा आवाज पालकाने रोज वापरावा, पण फक्त अज्ञानाच्या हितासाठी, असा आदेश होता. मामांनी तो अक्षरशः पाळला. गिऱ्हाइकांशी ते पाटीवर लिहून बोलत. संध्याकाळी मात्र दुकानातून हेमलताबाईंचा आवाज येई, "वृंदे, हातपाय धू." दारात ग्रीसने माखलेला मिशीवाला माणूस उभा असे. आठवडाभर गल्लीतली माणसं थबकली, मग त्यांना सवय झाली.

वर्षातून एकदा मिळकतीची पाहणी करायला मी जात असे. मामांनी ठरलेलं वाक्य म्हणायचं, "वेणी घालायची राहिली की गं." वृंदाने मान हलवून ओळख पटवायची. मग मी कागदावर खूण करायची. दर वेळी ते वाक्य झालं की वृंदा खरोखरच पाठ करून बसायची आणि मामा वेणी घालायला घ्यायचे. मी चहा संपवून निघायचो, जरा रेंगाळतच.

वृंदाला अठरा वर्षं पूर्ण झाली. आवाज हवाली करायची तारीख लागली, आणि त्याच दिवशी तिने हाताने लिहिलेला अर्ज दिला. मला अज्ञानच राहू द्यावे, एवढीच तिची विनंती होती.

न्यायाधीश कानिटकरबाईंनी चष्मा काढला. वय झालं की माणूस सज्ञान होतो, त्याला इलाज नाही, असं त्यांनी समजुतीने सांगितलं. आईची वस्तू आहे, मुलीनेच घ्यावी.

"तो माझ्याकडे आला की मला हाक कोण मारणार?" वृंदा म्हणाली.

बाईंनी चष्मा पुन्हा लावला. मग त्यांनी मामांना विचारलं, नऊ वर्षं तुमचा आवाज इथे पडून आहे, तुमची हरकत आहे का? मामांनी पाटीवर लिहिलं, इथे बोलणं अज्ञानाच्या हितात बसतं का? बसतं, असं बाईंनी सांगितलं.

"हरकत नाही," मामा बहिणीच्या आवाजात म्हणाले. "लहान आहे अजून."

तेवढी ओळ टिपताना माझी एक चूक झाली, ती मी नंतर सुधारली.

बाईंनी कायद्यातली एकच वाट सांगितली. ज्याला आपलं हित कळत नाही, त्याचा पालक अठरानंतरही चालू ठेवता येतो. मात्र ते कोर्टासमोर सिद्ध व्हावं लागतं. मग त्यांनी वृंदाला विचारलं, "तू काय मागते आहेस, ते तुला कळतंय का?"

वृंदा बारावीला तालुक्यात पहिली आली होती. तिने एकदा मामांकडे पाहिलं.

"नाही कळत," ती म्हणाली.

बाईंनी मजकूर सांगितला आणि मी टंकला: अर्जदार अज्ञान आहे. पालक कायम.