नत्थूजींची चिंच

नत्थूजींना पत्ता विचारू नये. नागपूरच्या इतवारीत राहायचं असेल तर ही अक्कल आधी शिकावी. मला ती शिकायला एक भाऊबीज वाया घालवावी लागली.

हे काकाजी आमच्या समोरच्या घरात एकटे राहतात आणि दिवसभर चौकात नाहीतर मोठ्या रस्त्यावर उभे असतात. नवखा माणूस दिसला की "कुठी जाऊन राहिला गा?" म्हणून त्याला अडवतात. मग सांगतात, "टांग्याच्या अड्ड्यावरून डाव्या हाताले वळ, पिठाची चक्की सोड, चिंच दिसली का चौक आलाच." टांगे कधीच गेले, चक्कीच्या जागी मोबाइलचं दुकान आलं, आणि चिंच तर मी लग्न होऊन इथे येण्याआधीच महापालिकेने तोडली. माझा भाऊ ओवाळून घ्यायला आला, तो त्या चिंचेपायी दोन तास हातगाड्या आणि टेम्पोंमधून फिरला. आला तेव्हा घामाघूम, आणि माझं डोकं तापलेलं.

"काकाजी, नसलेलं झाड कशाला सांगता लोकांना?"

"काहून वं? त्याईनं तोडली, मी नाही तोडली."

घ्या. कप्पाळ माझं!

मोबाइल ते ठेवत नाहीत. घर विकायच्या गोष्टीवरून पुण्याच्या मुलाशी बोलणं बंद झालं, त्याला वीस वर्षं झाली. मुलगा बरा, बापच खत्रूड, असं मी गल्लीत उघड म्हणत आले.

मागच्या महिन्यात त्यांच्या नातीचा, सईचा, वडिलांकडून नंबर घेऊन माझ्या फोनवर निरोप आला. मैत्रिणीच्या लग्नाला नागपूरला येतेय, जाताना आजोबांना भेटेन म्हणाली. ती यायच्या दिवशी काकाजींनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि सकाळी नऊलाच चौक गाठला. "इथून गेली तवा रांगत होती वं. मोबाइलले काय समजते? मीच हात धरून आणीन तिले."

पोरगी आली ती फोनमध्ये बघत, मागच्या गल्लीतून, थेट दारात. दाराला कुलूप. मी गॅसवर तेल तापत ठेवून बाहेर आले आणि घाईघाईत सांगून मोकळी झाले, "चौकात आहेत गं आजोबा. सरळ जा, चिंचेपाशी उभे असतील."

पाऊण तासाने तिचा फोन आला. "काकू, किती फिरले, चिंच कुठेच नाही. कुणाला माहीतसुद्धा नाही. आजोबांचा चेहरा तर मला आठवतच नाही. गाडीची वेळ झाली, मी स्टेशनला निघाले. आजोबांना नमस्कार सांगा."

स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली मला. ते झाड मी जन्मात पाहिलेलं नाही.

तशीच अनवाणी चौकात गेले. काकाजी गल्लीकडे पाठ करून, मोठ्या रस्त्याला डोळे लावून उभे होते. हातात संत्रा बर्फीचा डबा. सगळं सांगितलं आणि शिव्या खायला तयार राहिले.

"कुठी पाठवलं होतं तिले?"

"चिंचेपाशी."

त्यांनी डबा माझ्या हातात दिला.

"मंग बरोबर पाठवलं वं तुनं," ते म्हणाले. "मी चिंचेपाशीच तं उभा होतो."