थंड कोंबडीवरचा कर

"दोन भाजलेल्या कोंबड्या. गरम. आणि सरळ घरी ये," नोरीनने नवऱ्याला, क्लेमला, दारातच बजावले. तिची बहीण बेरिल कित्येक वर्षांनी जेवायला येत होती. आईचे घर विकताना क्लेमने करांवर असे काही व्याख्यान झोडले होते, की त्या वादात दोघी बहिणींचे बोलणेच तुटले.

मरे नावाच्या नदीकाठच्या त्या गावात रविवारी फक्त कॉनचे दुकान उघडे असे. क्लेमने बिल पाहिले आणि त्याचे डोके फिरले.

"कॉन, हे दहा टक्के कसले?"

"वस्तू आणि सेवा कर. गरम खाण्यावर लागतो. गार कोंबडीवर नाही."

"कोंबडी तीच ना?"

"तीच. विश्वास नसेल तर तिला विचार."

"आयकर निदान प्रत्यक्ष कर आहे. माझ्या नावाने, माझ्याच खिशातून, तोंडावर मागून नेतात. हा तुमचा अप्रत्यक्ष! सरकारकडे भरणार तू, काढणार माझ्याकडून, आणि येणार कोंबडीच्या पोटात लपून."

"मग थांब गार होईपर्यंत," कॉन वैतागून म्हणाला.

क्लेम थांबला. दोन्ही कोंबड्या त्याने काउंटरवरच्या पंख्यासमोर मांडल्या. त्याच्या मागे उभ्या असलेल्या ट्रक ड्रायव्हरने हा प्रकार पाहिला आणि तोही म्हणाला, "मलाही गारच दे." त्याच्यामागच्या बाईंनाही एकाएकी कायदा पटला. बघता बघता काउंटरवर कोंबड्यांची रांग लागली आणि कॉनच्या गरम कपाटात नुसता उजेड उरला.

"लोक वासाने आत येतात रे," कॉन कळवळून म्हणाला. "गार कोंबडीला कसला वास?"

क्लेमचा फोन वाजला. "बेरिल आलीय," नोरीन दबक्या आवाजात म्हणाली. "हवामानावर बोलून झालं. आता दोघी पडद्यांकडे बघतोय. कुठे आहेस तू?"

"कोमटपर्यंत आलोय."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

अखेर कर न भरता क्लेम विजयी मुद्रेने घरी पोचला. टेबलाशी बेरिल आणि तिचा नवरा लेस रिकाम्या ताटल्यांपुढे बसले होते. नोरीनने कोंबडीला बोट लावून पाहिले आणि नवऱ्याकडे पाहिले. क्लेमने सगळा कायदा पहिल्यापासून समजावून सांगितला.



"हा अजून तसाच आहे का गं?" बेरिलने विचारले.

"छे. वाढलाय."

बेरिलला हसू फुटले. मग नोरीनलाही. कोंबड्या ओव्हनमध्ये पुन्हा गरम होईपर्यंत दोघींनी मिळून क्लेमची सालटी काढली, आणि त्यात आईच्या घराचाही विषय निघून गेला. कोणाच्याच मनाला तो लागला नाही.

जेवण झाल्यावर नोरीनने ताटल्या क्लेमपुढे सरकवल्या. "या घरात गरम जेवणावर कर आहे. भांडी."

"हा अन्याय आहे," म्हणत क्लेमने फडका हळूच लेसच्या हातात दिला.

"लेस, बस खाली," बेरिल म्हणाली. "प्रत्यक्ष कर दुसऱ्यावर ढकलता येत नाही. क्लेमनेच शिकवलं होतं, आईच्या घराच्या वेळी."

क्लेम सिंकपाशी उभा राहिला. मागे दोघी बहिणी एकाच वेळी बोलत होत्या.

"याचा परतावा तरी मिळेल का?" त्याने वळून न बघता विचारले.

"पुढच्या रविवारी," बेरिल म्हणाली. "आम्ही परत येतोय. कोंबडी लेस आणेल."