कडबोळी नको, तेल दे

माझ्याकडं लोक चकली, शेव, कडबोळी न्यायला येतात. तळून उरलेलं तेल मागायला येणारा माणूस एकच होता, आमचे अण्णा.

दर शनिवारी संध्याकाळी हातात प्लॅस्टिकचा कॅन घेऊन ते माझ्या दारात उभे राहायचे आणि पायरीवरूनच विचारायचे, "काय तळायलीस आज?"

मी ताज्या कडबोळ्यांची ताटली पुढं केली, तर तिच्याकडं बघायचेसुद्धा नाहीत.

"कडबोळी नको. तेल दे."

हे तेल अण्णांच्या पोटात जात नव्हतं. त्यांच्या गाडीच्या पोटात जात होतं.

अण्णा म्हणजे आमचे घरमालक. बेंगळुरात राजाजीनगरला त्यांचं लहानसं घर. पुढं ते राहतात, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. आमचे हे यशवंतपूरच्या बाजारात कांद्याच्या वखारीत कामाला आहेत. मी घरात तळणाचं करते. अण्णा मूळचे निपाणीकडचे, मीही तिकडचीच, म्हणून आमची मराठी जुळली. एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. रिटायर झाल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात. अण्णा बोळात गाडीजवळ बसायचे. गाडी पांढरी अँबॅसिडर, डिझेलवरची, इतकी जुनी की तिचा हॉर्न वाजण्याआधी खाकरायचा.

त्या गाडीत ते डिझेल घालत नसत. माझं तेल आधी जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायचे. मग शेगडीवर कोमट करून त्यातलं पाणी घालवायचे. मग कॉस्टिक सोडा आणि एक उग्र वासाचं स्पिरिट मोजून मिसळायचे, आणि ढवळून ठेवून द्यायचे. दुसऱ्या दिवशी खाली काळा चिकट गाळ बसायचा आणि वर सोनेरी तेल यायचं. ते पाण्यानं धुवायचे. तेलाला पाण्यानं धुणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. धुऊन, सुकवून, निवळलं की टाकीत. गाडी चालायची. चांगली चालायची.

पहिल्या खेपेला मात्र चाललं नव्हतं. तेलात पाणी राहिलं, सोडा जास्त पडला आणि सकाळी अण्णांनी झाकण काढलं तर आत साबण. पिंपभर साबण. गल्लीत कोपऱ्यावर मंजुनाथचं इस्त्रीचं दुकान आहे. तो आठ दिवस सांगत फिरत होता की अण्णांना गाडी चालवायची होती, धुवायची व्यवस्था आधी झाली. अण्णांनी त्या साबणाच्या वड्या पाडल्या आणि घरोघर वाटल्या. फेस चांगला यायचा. भांडी घासली की हाताला ओव्याचा वास राहायचा.

एकदा जमल्यावर अण्णांना त्यातलं शास्त्र सुचायला लागलं. म्हणजे शास्त्र त्यांचं स्वतःचं. मिरची भज्याचं तेल चढावर चांगलं. शेवेचं तेल सरळ रस्त्याला. पुरीच्या तेलावर गाडी फुगते, म्हणजे काय ते त्यांनाच माहीत. कोणी शंका काढली तर त्यांचं उत्तर ठरलेलं.

"मी सांगत नाही. गाडी सांगते."

पामोलिनवर त्यांचा फार राग. मी एकदा मोठ्या ऑर्डरला पामोलिन वापरलं आणि तेच तेल त्यांना दिलं. डिसेंबरातली सकाळ होती, बेंगळुरातली गार. टाकीत तेल थिजलं आणि गाडी सुरूच होईना. मी दार उघडून बघते तर अण्णा टाकीखाली गरम पाण्याची पिशवी धरून बसलेले आणि बॉनेटवर त्यांची शाल.

"आजारी आहे काय?" मंजुनाथनं विचारलं.

"थंडी भरली," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडं बघून हळूच, "शेंगतेल वापर ग, सुमन. तिला सोसत नाही."

गाडी गेली की मागं तळणाचा वास सुटायचा. शाळेतून येणारी पोरं थांबून इकडंतिकडं बघायची, कुठं भजी तळतात म्हणून. मंजुनाथ म्हणायचा, अण्णा गल्लीतून गेले की माझा इस्त्रीवरचा हात थांबतो, स्वल्प काहीतरी खाऊन यावं लागतं. एकदा माझं तेल कमी पडलं म्हणून अण्णांनी शिवाजीनगरच्या एका हॉटेलातून कॅन भरून आणला. आणताना विचारलं नाही, कशाचं आहे. दोन दिवसांनी गाडी काढली तर गल्लीतली सगळी कुत्री मागं लागली. वळणावर दुसऱ्या गल्लीतली येऊन मिळाली. अण्णा हळू चालवतात, त्यामुळं कुत्र्यांनाही घाई नव्हती. वरात निघाल्यासारखं दिसत होतं.

ते तेल कबाबाचं होतं. अण्णांनी कोणाला दोष दिला नाही. टाकी रिकामी केली, गाडी धुतली, बॉनेटला हळदकुंकू लावलं.

"मी तिला आजवर शाकाहारी ठेवली होती," एवढंच म्हणाले.

मंजुनाथ असली संधी सोडणारा नव्हे. "मग एकादशीला कशी चालते अण्णा? उपास मोडत नाही?"

अण्णांनी त्याच्याकडं असं पाहिलं, जसं काही हा प्रश्न विचारावा लागतो याचंच त्यांना नवल वाटतंय. "एकादशीला साबुदाणावड्याचं तेल."

खरोखर त्यांनी तशी एक बाटली वेगळी ठेवलेली होती. मीच दिलेली.

शेजारच्या इमारतीत पुण्याची एक मुलगी राहते, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिनं अण्णांचा गाडीसोबत फोटो काढला आणि म्हणाली, "काका, तुम्ही एन्व्हायर्नमेंटसाठी किती ग्रेट काम करताय." अण्णांनी कन्नडात बरं म्हणून टाकलं, "सरी." ती गेल्यावर फडकं पिळत मला म्हणाले, "मी काही कुणासाठी करत नाही, सुमन. उगाच फोटो काढला तिनं."

आणखी एक खोड होती त्यांची. गाडी सुरू करायची, न्यूट्रलवर ठेवायची आणि उतरून मागं जाऊन उभं राहायचं. हात पाठीमागं बांधून, धुराकडं तोंड करून. बराच वेळ. लोकांना मागून येण्याजाण्याची अडचण व्हायची. कोणी म्हटलं की म्हणायचे, "धुराचा रंग बघतो. रंगावरून पोट कळतं." मला ते पटलेलं होतं. इतकं करणारा माणूस रंगही बघणारच.

आता अक्काचं सांगायला पाहिजे. अक्का म्हणजे अण्णांची बायको, कमळाक्का. तळणाचा हा धंदा मूळ तिचा. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा मला दारात उभं राहून कोणाशी बोलायचीही भीती वाटायची. कन्नड येत नव्हतं, मराठी बोलायला कोणी नव्हतं. अक्कानं एका दुपारी मला आत ओढलं आणि पुढ्यात पिठाची परात ठेवली. "बोलू नको हवं तर. वळायला तर येतं?" तिथून मी तिच्या हाताखाली शिकले. भाजणी किती भाजायची, मोहन किती, कढई केव्हा तापली हे आवाजावरून कसं ओळखायचं.

ती डबे भरायची आणि अण्णा गाडीतून पोचवायचे. यशवंतपूर, मल्लेश्वर, कुठं कुठं मराठी घरं होती तिथं. मागच्या सीटवर गरम कडबोळ्यांचे डबे, पुढं अक्का. गाडीत इतका वास भरायचा की अण्णा कुरकुर करायचे. काचा खाली करायचे. समोर उदबत्ती खोचायचे, कापूर ठेवायचे.

"ही गाडी आहे की खानावळ?"

अक्का हसून म्हणायची, "मग माझ्या तेलावरच चालवा की. डिझेलला तरी कशाला पैसे घालता?"

ती गेली तेव्हा स्वयंपाकघरात तिच्या शेवटच्या तळणाचं तेल डब्यात तसंच होतं. अण्णांनी ते कोणाला टाकू दिलं नाही. काही दिवसांनी त्यांनी मंजुनाथकडून कुठलातरी व्हिडिओ मोबाइलवर बघितला आणि पिंप आणलं. पुढचा तो साबण. घरोघर वाटलेला साबण त्या डब्यातल्या तेलाचा होता, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. तोवर माझी वडी झिजून संपली होती.

या वर्षी गाडी तपासणीला नेली. धूर पास झाला. तिथल्या माणसानं म्हणे दोनदा वास घेतला आणि जेवणाची सुट्टी किती वाजता म्हणून दुसऱ्याला विचारलं. पण गाडीचा तळ गंजून गेला होता. पायाखालची चटई उचलली तर रस्ता दिसायचा. ती चटई तिथं का आहे हे अण्णा कोणाला सांगत नव्हते. तिथं कळलं आणि गाडी नापास झाली.

पुण्याहून त्यांचा मुलगा महेश आला. चांगला मुलगा आहे, बापाला ओरडला नाही. त्यानं जुनी गाडी मोडीत द्यायचं ठरवलं आणि विजेवरची नवी गाडी घेऊन दिली.

"बाबा, बघा कशी आहे. आवाज नाही, धूर नाही, वास नाही."

अण्णा नव्या गाडीभोवती एक फेरी मारून आले. मागं जाऊन थोडं थांबले. तिथं काहीच नव्हतं.

"सरी," म्हणाले.

जुनी गाडी सोमवारी न्यायला येणार होते. त्या आधीच्या गुरुवारी अण्णा कॅन घेऊन माझ्या दारात. शनिवार नव्हता, म्हणून मी जरा गोंधळले.

"कडबोळी करशील? शेंगतेलात. अक्कासारखी."

"किती पाहिजेत, अण्णा?"

"कडबोळी नको. तेल दे."

मी सगळं तिच्यासारखं केलं. भाजणी तिच्या मापानं. ओवा तव्यावर भाजून, हातावर चुरडून. पहिलं कडबोळं तेलात सोडताना ती गौराईचं नाव घ्यायची, तेही घेतलं. तेल निवल्यावर कॅनमध्ये ओतून त्यांच्या पायरीवर ठेवलं.

रविवारी संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. महेश बाहेर गेला होता. बोळात गाडी उभी, टाकीचं झाकण उघडं, हातात रिकामी बाटली.

"सुमन, स्वल्प आत बस. पुढं."

"मला गाडी येत नाही, अण्णा."

"चालवायची नाही. न्यूट्रलला आहे. हा पाय इथं ठेव आणि मी सांगतो तेव्हा दाब."

मंजुनाथ दुकानातून बघत होता. मला लाज वाटली. तरी पदर आवरून बसले. स्टिअरिंगला हात लावायचं धाडस झालं नाही, हात मांडीवर ठेवले. अण्णांनी बाहेरूनच चावी फिरवली आणि गाडी खाकरून सुरू झाली. ते मागं गेले.

"दाब."

मी दाबलं.

"अजून स्वल्प."

इंजिन मोठ्यानं गरगरायला लागलं. त्या आवाजातच अण्णा ओरडले, "ओवा भाजून घातलास?"

"भाजूनच. अक्का भाजूनच घालायची."

"सरी."

दाबून ठेवू की सोडू, कळेना. उजवीकडच्या आरशात मला ते दिसत होते. हात पाठीमागं बांधून नेहमीसारखे उभे होते. धुराकडं तोंड होतं. डोळे मात्र मिटलेले होते. धुराचा रंग बघणारा माणूस डोळे मिटून उभा राहतो, हे मी इतकी वर्षं कधी समोरून पाहिलंच नव्हतं.

मी पाय उचलला नाही.

पुढं बसलेल्याला मागचा वास येत नाही. म्हणून मला माहीत नाही, आला की नाही. खरं सांगायचं तर मला शेवेच्या तेलाचा धूर आणि पुरीच्या तेलाचा धूर आजवर कधी वेगळा कळला नाही. पण मंजुनाथनं इस्त्री उभी करून ठेवली होती.

टाकी आधीच रिकामी केलेली, आत बाटलीभरच तेल होतं. ते संपत आलं तशी गाडी अडखळली, दोन उचक्या दिल्या आणि आपोआप बंद पडली. बोळ एकदम शांत झाला. अण्णांनी मागून पुढं येऊन चावी काढली.

"झालं," म्हणाले. "ऊठ, तुझी कामं असतील."

सोमवारी गाडी नेली. अण्णा बघायला बाहेर आले नाहीत.

त्यानंतरच्या शनिवारी मी चकलीचं पीठ भिजवत होते. संध्याकाळी पायरीवर सावली पडली. अण्णाच होते. हातात कॅन नव्हता. हात मोकळे असले की त्यांचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं.

"काय तळायलीस आज?"

"चकली धरली होती," मी म्हटलं. मग पिठाची परात बाजूला सरकवली. "पण कडबोळी करते."

मी एखादा कॅन शोधायला वाकले, तेल द्यायच्या सवयीनं. तर म्हणाले, "तेल नको." आणि पहिल्यांदाच पायरी चढून आत आले. भिंतीला टेकून पाटावर बसले. "बसतो स्वल्प."

मी शेगडी पेटवली, कढई ठेवली. ओवा तव्यावर टाकला. धूर बाहेर ओढणारा पंखा कढईच्या वर भिंतीत आहे, तो मी तळताना नेहमी लावते.

त्या दिवशी मी तो लावला नाही.