पुंडलिकाची पाचर

"बैल एखाद्या येळी मागं सरंल, पर माझी मोटार आता फकस्त फुडंच जाणार," असं पुंडलिकानं कॅसलरॉकच्या स्टेशनाबाहेर छातीठोकपणे जाहीर केलं. उद्या लाडूशेटच्या मुलीचं, विमलचं लग्न होतं आणि नवरदेवाला याच स्टेशनावरून मोटारीत घालून न्यायचं होतं. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या, पण हसू उपरण्यात लपवून. पुंडलिकाची मोटार आजवर कुठल्या दिशेला गेली होती, हे साऱ्या मुलखाला ठाऊक होतं!

मोटार अर्थात लाडूशेटची. लाकडाच्या कंत्राटात बरकत आली तशी त्यांनी ती मागवली. मालगाडीतून उतरली तेव्हा पार लांबच्या दिग्गी गावची माणसं तिला बघायला आली होती. चालवणार कोण? तर पुंडलिक. उभी हयात त्यानं शेटची बैलगाडी हाकली होती. ओंडके लादलेली गाडी चढउतारावरून आणताना त्याचा हात कधी चुकला नव्हता. ज्याला बैल आवरतात त्याला यंत्र काय जड, असा शेटचा हिशेब. तेव्हा बैलगाडी गेली पुंडलिकाच्या मेव्हण्याकडे, म्हादूकडे, आणि पुंडलिक ड्रायव्हर झाला.

गोची झाली ती त्या हातामुळेच. बैलांना पुढं घालायचं तर हात पुढं करून कासरा सैल सोडायचा आणि थांबवायचं तर तो मागं ओढायचा. मोटारीचं सगळंच उफराटं! तिच्या गिअरच्या दांडीखाली लोखंडी चौकट होती आणि चौकटीला चार खाचा. डाव्या बाजूला दांडी आपल्याकडं ओढली की मोटार पुढं जायची आणि पलीकडं ढकलली की मागं. उजव्या बाजूच्या खाचा वेगाच्या, पलीकडं दुसरा गिअर आणि आपल्याकडं तिसरा. बेळगावहून आलेला मेकॅनिक हे समजावून, जेवून, परत गेला. पुंडलिकाच्या डोक्यात ते पक्कं बसलं. हातात काही बसलं नाही.

पूजेच्या दिवशी चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फुटला, पुंडलिकानं जीभ टाळ्याला लावून 'टक्' केलं, हात पुढं सोडला आणि मोटार थेट मागच्या गवताच्या उडवीत! पुढल्या खेपेला शेणकीत. त्याच्या पुढच्या खेपेला शेजारच्या परशूच्या कुडाच्या न्हाणीत, आणि आत परशू होता. तो बाहेर आला तो अंगावर कूड पांघरूनच.

पण पुंडलिक म्हणजे हट्टाला पेटलेला माणूस. त्यानं घरात जात्याच्या खुंट्यावर सराव मांडला. जवळ ओढलं की पुढं, लांब ढकललं की मागं. बायको केशर दळायला बसली रे बसली की हा येऊन म्हणे, "सरक जरा, मला गिअर टाकायचा हाय."

"अवं, पीठ तरी पडू द्या," केशर म्हणायची. बिचारीची भाकरी रोज उशिरा व्हायची.

अशात लग्न ठरलं. विमलची आई रुक्मिणीअक्का, शेटना सुद्धा धाकात ठेवणारी बाई. तिनं पुंडलिकाला बोलावून बजावलं, की नवरदेव एकदा वाहनावर चढला की त्याचा पाय मांडवाच्या दारातच जमिनीला टेकला पाहिजे. आणि मांडवापासून तो पाऊलभरसुद्धा मागं सरता कामा नये, तो मोठा अपशकुन. शेटनी त्यात आपलं एक वाक्य जोडलं. मोटार हातभर जरी मागं गेली, तर बेळगावहून दुसरा ड्रायव्हर आणीन.

पुंडलिकाचे बैल तर म्हादूकडं गेलेच होते. आता मोटारही गेली, तर त्याच्या हातात उरणार काय? केशरचं जातं?

रानातल्या माणसाला अडचण आली की तो लाकूड शोधतो. पुंडलिकानं खैराची पाचर तासली आणि ती चौकटीच्या त्या मागं नेणाऱ्या खाचेत ठोकून बसवली. तेवढ्यावर त्याचं समाधान होईना. कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला की आपण कुऱ्हाड पाण्यात बुडवून ठेवतो, लाकूड फुगतं आणि दांडा घट्ट बसतो. तोच उपाय त्यानं इथं केला. सबंध दिवस येता-जाता तो पाचरीवर तांब्याभर पाणी घालत राहिला. संध्याकाळी दांडी ढकलून पाहिली. खाच बंद! जीव भांड्यात पडला, आणि त्याच भरात त्यानं स्टेशनावर ती वल्गना केली.

लग्नाच्या दिवशी नवरदेव आगगाडीतून उतरला, मामासह मोटारीत बसला. पुंडलिकानं सवयीनं दांडी पुढं ढकलली. पाचरीनं ती अडवली. त्यानं ती हसत जवळ ओढली आणि मोटार सुरेख पुढं निघाली. पुढं दुसरा गिअर पडला. वाटेत म्हादू बैलगाडीतून भांडी घेऊन चालला होता. पुंडलिकानं त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की म्हादूच्या बैलांनासुद्धा ते लागलं असावं.

मांडव दिसू लागला. ढोल वाजत होते, दारात रुक्मिणीअक्का पाय धुवायला परात मांडून, तांब्या घेऊन उभी होती. आता थांबायचं! पुंडलिक "हो हो हो" म्हणाला, पाय शिकवल्याप्रमाणं क्लचच्या पेडलवर गेला आणि हातानं आयुष्यभर केलं तेच केलं. त्यानं दांडी मागं ओढली. दुसऱ्यातून मागं ओढली की मोटार तिसऱ्या गिअरात जाते.

मोटार मांडवापुढून सुसाट गेली. ढोलवाले भाताच्या खाचरात, आणि अक्का तांब्यासकट बाजूला. ब्रेक कुठं आहे हे पुंडलिकाला आठवलं तेव्हा ओढा आला होता आणि पुढची चाकं चिखलात होती.

आता मागं यायला हवं होतं. पुंडलिकानं पाचर हातानं ओढली, दातानं ओढली, कोयत्यानं खरवडली. मामांनी छत्रीची मूठ अडकवून पाहिली, मूठ मोडली. खैराचं लाकूड पाणी पिऊन असं बसलं होतं, की जणू चौकटीबरोबरच ओतलं असावं. वऱ्हाडी ढकलायला लागले तर पाय घसरून एकेक जण बसू लागला. नवरदेवाला खांद्यावरून न्यावं म्हणावं, तर तो अंगानं चांगलाच भरलेला. मुहूर्त जवळ येत होता.

तेवढ्यात म्हादू पोचला. "काय दाजी, बैल सोडू का?" त्यानं फार नम्रपणे विचारलं.

पुंडलिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण विमल त्याच्या डोळ्यांदेखत वाढलेली पोर, तिचा मुहूर्त टळू द्यायचा नव्हता. त्यानं मोटारीच्या मागल्या बाजूला बैल जुंपले. म्हादूला ड्रायव्हरच्या जागी बसवून चाक सरळ धरायला सांगितलं. नवरदेवाला मोटारीच्या मागं दुमडलेल्या कापडी छपरावर मांडवाकडं तोंड करून बसवलं, आणि स्वतः त्याच्या पायाशी, सामान बांधायच्या फळीवर बसून कासरा हातात घेतला. जीभ टाळ्याला लागली. हात पुढं सुटला.

आणि मोटार निघाली, अगदी त्याला हवी तिकडं! ती आल्यापासून तिच्यावर त्याचा हात पहिल्यांदाच बरोबर पडला होता. मांडवाच्या दारात त्यानं कासरा ओढला, बैल जागच्या जागी थांबले आणि नवरदेवाचा पाय नेमका अक्काच्या परातीत पडला.

शेट लाल होऊन पुढं आले. पण अक्कानं त्यांना अडवलं. तिनं बैलांकडं पाहिलं, जावयाच्या तोंडाकडं पाहिलं आणि निवाडा दिला, "मांडवाकडं तोंड करूनच आला की! पाऊलभर मागं सरला न्हाई."

शेटनी मिशीवरून हात फिरवला. "बरं, मोटार तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे, पुंडलिका," ते म्हणाले. "बैलांसकट."

पुंडलिकाचे डोळे भरून आले. अक्षता पडल्या, पंगती बसल्या. म्हादू मात्र अजून चाक धरून होता.

"दाजी, उतरू का मी आता?"

"बस की," पुंडलिक बैलांपुढं पेंढी टाकत म्हणाला. "उद्या वरात स्टेशनावर न्यायची हाय. मोटार वळवायची जागा खळ्यात, आन् खळ्यात तर मांडव घातलाय, तवा ती अशीच उलटी जाणार. तू आपलं चाक धर. दांडीला तेवढा हात लावू नगंस."