जादा गाडी

९ मे. आजचं काम: अर्धं पोतं गहू पुन्हा चाळून पुन्हा उन्हात घालणे. वर्षाच्या गव्हाचं हे काम मी परवाच उरकलं होतं. पण काल शेजारच्या सोनकांबळे कंट्रोलरांच्या मांजरीच्या पिलाने माझ्या वाळत्या गव्हात बसून आपला विधी आटोपला. खराब झालेला गहू मी फेकून दिला आणि तशीच त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"कंट्रोलरसाहेब, रविवारपर्यंत हिला वळण लावा. नाहीतर उमरीला तुमच्या पुतण्याच्या शेतावर पाठवून द्या."

"हाव सिस्टर. तुमची तक्रार नोंदली हाय," ते म्हणाले.

हा माणूस असाच बोलतो. नांदेडच्या बसस्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते. जन्मभर कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली, ते भोंग्यातून सांगत राहिले. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, भोंगा गेला, पण आवाज तसाच राहिला. चहाला वेळ लागला की "चहा वीस मिनिटं उशिरा धावून राहिला" म्हणतात. गॅसचा सिलिंडर आला नाही की "डेपोतूनच सुटला न्हाई." गुडघा धरला की "वाटेत ब्रेकडाऊन." त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, होत्या तेव्हा त्या आतून ओरडायच्या, "ऐकू आलं! सैपाकघर काय स्टँड हाय का?" आता काकूंचा फोटो बुद्धमूर्तीशेजारी आहे आणि आतून कोणी ओरडत नाही.

पिलू दिवाळीनंतर आलं. पत्र्यावरून थेट त्यांच्या खाटेवर पडलं. "वेळापत्रकात नव्हती," ते म्हणाले, आणि तिचं नाव जादा ठेवलं.

जादासाठी त्यांनी मोरीजवळ वाळूचं घमेलं ठेवलं. त्याला ते फलाट म्हणतात. वाळू दोनदा चाळलेली, रोज घमेलं धुतलेलं. त्यात मला नाव ठेवायला जागा नाही. पण जादा वाळू उकरायची ती अशी, की निम्मी घमेल्यात आणि निम्मी खाटेवर, चपलेत, पिठाच्या डब्याच्या झाकणावर. मग त्यांनी तेलाचा पत्र्याचा डबा आडवा कापून उंच काठाचा फलाट केला. खाली पोतं अंथरलं. जादा त्यातूनही उडी मारायची, अंगणभर वाळू सांडायची आणि उरलेलं काम जिथे सापडेल तिथे करायची. कधी माझ्या कुंडीत, कधी पायपुसण्यावर, आणि काल गव्हात.

"दुसरं मांजर असतं तर आतापर्यंत शिकलं असतं," मी त्यांना म्हटलं होतं.

"नवीन ड्रायव्हर हाय सिस्टर. लई घाई करते."

आज मी सुट्टी टाकली होती. गव्हाची राखण करत ओट्यावर बसले, आणि त्यांच्या उघड्या दारातून सगळा प्रकार माझ्या डोळ्यांसमोर घडला.

जादा शहाण्यासारखी डब्यात शिरली. खड्डा उकरला. अगदी व्यवस्थित बसली. आणि कंट्रोलरसाहेब खुर्चीतून उठले, एक हात कानाला लावला, नि खणखणीत आवाजात म्हणाले, "प्रवाशांनी लक्ष द्यावे! जादा गाडी फलाट क्रमांक एकवर लागत आहे! गाडी पूर्ण थांबल्याशिवाय कोणीही जवळ जाऊ नये!"

पहिल्याच शब्दाला जादा हातभर उडाली. वाळू चारी दिशांना. ती माझ्या गव्हाकडेच निघाली होती, मी सूप आडवं धरलं म्हणून वाचले.

मी आत गेले. "हे तुम्ही रोज करता?"

"दर फेरीला."

"कंट्रोलरसाहेब, मी पंचवीस वर्षं वॉर्डात काढली. बेडपॅनवर बसलेल्या धडधाकट माणसाशी कोणी मधेच बोललं तरी त्याचं काम अडतं. तुम्ही तर या एवढ्याशा जिवाच्या कानात भोंगा वाजवता! दोष पिलाचा नाही. तुम्ही तोंड बंद ठेवा, ती दोन दिवसांत शिकेल."

ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. खाली बसून पोत्यावरची वाळू हाताने गोळा करायला लागले. खाटेखाली एक टोपली दिसली. तिच्यात काकूंच्या जुन्या लुगड्याची घडी अंथरलेली होती. जादाला उमरीला पाठवायची तयारी माणसाने कालच करून ठेवली होती.

"तोंड बंद ठेवतो," ते म्हणाले. मग वाळूकडे बघतच, "मी बोललो की सगळा स्टँड उठून उभा राहायचा सिस्टर. पिशव्या उचलायचे, पोरं कडेवर घ्यायचे. आता मी बोललो की ही एकटीच उठते."

मी टोपलीतलं लुगडं काढून त्यांच्या खाटेवर ठेवलं, टोपली गव्हासाठी हवी आहे म्हणून घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत गहू भरून टाकला.

१० मे. सकाळी सातची ड्युटी होती. साडेसहाला आवरून पर्स आणि जेवणाचा डबा घेतला आणि निघायच्याऐवजी अंगणातल्या पायरीवर बसले. आत जादा तिच्या वाळूच्या डब्यात बसलेली दिसत होती. कंट्रोलरसाहेब दारात, ओठ घट्ट मिटून, श्वास कोंडल्यासारखे उभे. मी बोटाने त्यांना अंगणात, पार फाटकापर्यंत बोलावलं. आत वाळू खरखरल्याचा आवाज आला, मग ती मागे लोटल्याचा आला, आणि जादा शेपटी वर करून दाराबाहेर आली. फलाटाबाहेर चिमूटभर वाळू असेल. तेवढी चालते.

"कंट्रोलरसाहेब," मी म्हटलं, "मुखेडची गाडी कितीला हाय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पर्सकडे पाहिलं. मग शर्टाचं वरचं बटण लावलं आणि हात कानावर नेला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे!"

मी पर्स आणि डबा उचलला आणि उठून उभी राहिले.